खाणीतला आग्या वेताळ

नागपूरला मामांच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एक रिवाज पाळला जातो. तो मी दुसऱ्या कुठल्याही घरी पाहिलेला नाही. अंगणात पणत्या लागतात, तुळशीपाशी निरांजन ठेवले जाते, आकाशकंदील वर चढतो. आणि मग मामा आतल्या कपाटातून पितळेचा एक दिवा काढून आणतात. उंची दीड वीत. खाली तेलाची डबी, तिच्यावर जाड काचेची नळी, काचेच्या वर बारीक तारेच्या जाळीची टोपी आणि त्या टोपीवर लोखंडी आवरण. टांगायला वर एक आकडा. दसरा झाला की हा दिवा चिंच लावून लख्ख घासला जातो आणि पाडव्यापर्यंत पणत्यांच्या ओळीत मानाच्या जागी बसतो.

"झाली का माझ्या सवतीची आरास?" मामी स्वयंपाकघरातून विचारतात. हाही त्या रिवाजाचाच भाग.

मामा खाणीतले. झरियाच्या कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण १९७२ साली झाले. त्याच वर्षी खाणकामाचे शिक्षण संपवून ते धनबादला गेले, आणि २००९ मध्ये निवृत्त होऊन परतले. सदतीस वर्षे जमिनीच्या पोटात काढलेला हा माणूस. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना शाल, नारळ आणि हा दिवा दिला. शाल मामींनी कुणाला तरी देऊन टाकली, नारळाची चटणी झाली, दिवा राहिला.

मी मराठी शिकवतो. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर सौहार्दाने संपला होता. तथापि गेल्या दिवाळीत मला काय सुचले कोण जाणे, मी विचारले, "मामा, खाणीत एवढ्याशा उजेडावर तुमचं भागायचं?"

मामा हसले. "हा दिवा उजेडासाठी नव्हेच मुळी. उजेड टोपीवरच्या बत्तीचा. हा दिवा वास घेण्यासाठी. ज्याला वास नाही त्याचा वास घेणारा दिवा!"

त्यांनी वात खाली उतरवली. ज्योत हरभऱ्याएवढी झाली. "खाणीच्या छताशी असा बारीक केलेला दिवा हळूच उचलायचा. हवेत मिथेन असेल तर या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. वायू जितका जास्त, तितकी टोपी उंच. ती बघायला शिकण्यात पहिली दोन वर्षं जातात. आणि न दिसली तर..." मामांनी वाक्य पुरे केले नाही.

आजीचा वेताळ

निळ्या ज्योतीचे नाव काढताच मला माझी कोकणातली आजी आठवली. पावसाळ्याच्या तोंडी दलदलीच्या कडेला रात्री निळसर उजेड हलताना दिसला, की आजी आम्हांला दाराआड ओढी. "आग्या वेताळ निघाला, बघू नका!" वेताळ हातात पलिता घेऊन शिवेवर फिरतो, जवळ जाल तर पुढे सरकतो आणि माणसाला चिखलात नेऊन बुडवतो, अशी तिची श्रद्धा होती.

कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून निघणारा वायू पेटून असे उजेड दिसत असावेत, असा खुलासा आता केला जातो. इटलीतल्या व्होल्टाने १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या काठच्या चिखलात काठी ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि ठिणगीने पेटवून दाखवले. आजीच्या वेताळाला बाटलीत धरणारा तो मांत्रिक! तोच वायू मिथेन. कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे चार.

आणि, वाचकहो, हा वेताळ आपल्या घरात कधीच येऊन राहिला आहे. गोबरगॅसमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास असतो तो हाच. मुंबई-पुण्यात नळाने स्वयंपाकघरात येतो तो गॅस बव्हंशी हाच. (सिलिंडरमधला वायू मात्र निराळा, तो प्रोपेन आणि ब्यूटेन.) माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाकीवर झाकण बसवून हाच वायू धरला होता आणि कामाला लावला होता. गॅस सुटला की आपल्याला वास येतो, तो मागाहून मुद्दाम मिसळलेला. खाणीत तो वास मिसळायला कोणी नसते.

कोळशात तो आला कसा? झरियाचा कोळसा म्हणजे सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीची गाडली गेलेली झाडी. ती कुजताना आणि पुढे जमिनीखालच्या उष्णतेत शिजताना मिथेन तयार झाला. काही निसटला, बाकीचा कोळशाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांना चिकटून बसला. वर शेकडो मीटर खडक आणि भेगांमधून भरलेले पाणी, यांच्या दाबामुळे तो हलत नाही. मामा म्हणाले, "गोटीसोड्याची बाटली आठव. गोटी दाबली नाही तोवर पाणी कसं शांत दिसतं! आम्ही कोळसा फोडतो म्हणजे गोटी दाबतो."

पंख्याचा आवाज

हवेत मिथेनचे प्रमाण शेकडा ५ ते १५ यांच्या दरम्यान असेल तर एक ठिणगी पुरते. त्याहून कमी असेल तर स्फोट होत नाही. त्याहून जास्त असेल तर प्राणवायू अपुरा पडतो म्हणून होत नाही. मधला पट्टा यमाचा. त्यात पहिला भडका मिथेनचा उडाला, की जमिनीवरची कोळशाची भुकटी उधळते आणि मग तीच पेटत बोगद्यांतून धावते.

इंग्लंडमधल्या फेलिंगच्या खाणीत २५ मे १८१२ रोजी अशा स्फोटात ९२ माणसे गेली. त्यांत पुष्कळशी कोवळी पोरे होती. त्या हाहाकारानंतर हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाला साकडे घातले गेले आणि १८१५ मध्ये त्याने जाळीचा दिवा तयार केला. बारीक तारेची जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे आतली आग बाहेरच्या वायूपर्यंत पोचत नाही. डेव्हीने त्यावर एकस्वाचा हक्क घेतला नाही. मामांच्या अंगणातला दिवा म्हणजे त्या दिव्याचा पणतू.

आपल्याकडचे आकडेही अंगावर काटा आणतात. १९ फेब्रुवारी १९५८ रोजी बंगालमधल्या चिनाकुरी खाणीत स्फोट होऊन पावणेदोनशेच्या आसपास कामगार गेले. २८ मे १९६५ रोजी धोरीच्या खाणीत २६८ गेले. आणि हा सारा जुना इतिहास म्हणावा, तर ६ सप्टेंबर २००६ रोजी धनबादजवळच्या भाटडीह खाणीत ५० माणसे स्फोटातच गेली.

यावर खाणवाल्यांनी काढलेला तोडगा साधा आहे. वायू पातळ करायचा आणि बाहेर घालवायचा. खाणीला दोन विहिरी असतात. झरियाकडे त्यांना चानक म्हणतात. एका चानकातून ताजी हवा आत येते आणि दुसऱ्याच्या तोंडावर बसवलेला अजस्र पंखा आतली हवा अहोरात्र ओढून बाहेर फेकतो. नियमानुसार बाहेर निघणाऱ्या हवेच्या वाटेत मिथेन शेकडा पाऊण टक्क्याच्या वर असता कामा नये. कामाच्या जागी कुठेही तो सव्वा टक्का झाला की वीज बंद करून माणसे हलवायची.

त्या पंख्याची एक आठवण माझी स्वतःची आहे. मी नऊ-दहा वर्षांचा असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांकडे गेलो होतो. वसाहतीत दिवसरात्र एक घूं-घूं ऐकू येई. पहिल्या दोन रात्री मला झोप आली नाही. तिसऱ्या रात्रीपासून त्याची अंगाई झाली. एका रात्री मात्र मी दचकून जागा झालो. कशाने, ते कळेना. आवाज कसलाच नव्हता. आणि तेच कारण होते! वीज गेली होती, पंखा थांबला होता. मामी ओसरीवर उभ्या होत्या. समोरच्या ओसरीवर शेजारीण, तिच्यापलीकडे आणखी कुणी. कुणी कुणाशी बोलत नव्हते. मामा रात्रपाळीला खाली होते.

खाली काय चालले होते ते मामांनी मला गेल्या दिवाळीत प्रथमच सांगितले. पंखा थांबला की सर्वांना वर काढायचे हा नियम. चानकाच्या तोंडाशी उभे राहून ते बिल्ले मोजत होते. तीन कमी भरले. एक सिरदार, म्हणजे वायू तपासणारा मुकादम, दूरच्या टोकाला असलेल्या दोन मजुरांना हाक घालायला उलटा आत गेला होता. वीस मिनिटांनी तिघे वर आले. पाठोपाठ पंखा सुरू झाला.

"घूं-घूं परत ऐकू आली तेव्हा मी आत जाऊन चहा टाकला," मामी म्हणाल्या. "तोवर हात चालत नव्हते."

व्हाइटहेव्हनने नाकारलेले दिवे

पंख्याने माणूस वाचला, यात शंका नाही. परंतु जे आपण जिवाच्या भीतीने उधळतो ते उत्तम जळण आहे, ही गोष्ट पूर्वी कुणाच्या ध्यानातच आली नव्हती काय? आली होती, आणि तीही डेव्हीच्या दिव्याच्या पाऊणशे वर्षांहून अधिक आधी.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर व्हाइटहेव्हन नावाचे बंदर आहे. तिथे समुद्राच्या अगदी काठाशी एक चानक खणले जात असताना खालून वायूचा झोत लागला. खाणमालक सर जेम्स लाउदर यांचा कारभारी कार्लाइल स्पेडिंग हा मोठा हिकमती माणूस. त्याने तो झोत कोंडून नळीवाटे वर आणला आणि तोंडाशी पेटवून दिला. तो महिनोन् महिने जळत राहिला. वायू फुग्यांत भरून लंडनला पाठवण्यात आला आणि रॉयल सोसायटीच्या विद्वानांसमोर पेटवून दाखवण्यात आला. ही गोष्ट १७३३ ची. गावातले डॉक्टर ब्राउनरिग यांनी त्या वायूवर आपल्या प्रयोगशाळेच्या भट्ट्या चालवल्या.

पुढे स्पेडिंगने म्हणे गावकऱ्यांपुढे प्रस्ताव ठेवला की, या वायूवर मी तुमच्या रस्त्यांचे दिवे लावून देतो. गावाने नकार दिला. जगातल्या पहिल्या गॅसच्या दिव्यांचा मान त्या गावाच्या हातचा गेला! स्वतः स्पेडिंग १७५५ मध्ये खाणीतल्या स्फोटातच गेला. ज्याने वेताळाला दिव्यात बसवायचे ठरवले, त्यालाच वेताळाने गाठले.

त्यानंतर खाणीतला वायू पद्धतशीरपणे नळीत धरण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू व्हायला दोनशे वर्षे जावी लागली. १९४३ मध्ये जर्मनीतल्या रूर खोऱ्यात ते साधले, आणि युद्धानंतर युरोपभर त्याचा प्रसार झाला.

वेताळ खांद्यावर घ्यायचा कसा?

विक्रम राजाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. वेताळाला झाडावरून उतरवणे अवघड नव्हते. तो खांद्यावर टिकवणे अवघड होते. राजा बोलला रे बोलला की वेताळ परत झाडावर. मिथेनचेही तसेच आहे. जाळणे सोपे, पेटणे तर त्याच्या स्वभावातच. अडचण आहे ती तो एकवट, हवेत न मिसळता हाती लागण्याची. त्यासाठी तीन ठिकाणी सापळा लावता येतो.

पहिला सापळा कोळसा काढण्यापूर्वीचा. जमिनीवरून किंवा बोगद्यातून कोळशाच्या थरात लांब भोके पाडायची, भेगांतले पाणी उपसायचे. दाब उतरला की वायू कोळशापासून सुटतो आणि नळीने वर येतो. हा वायू जवळजवळ शुद्ध असतो. त्यातला आणखी फायदा असा की, मागाहून जे मजूर तिथे उतरतील त्यांच्या वाट्याला कमी वायूचा कोळसा येतो.

दुसरा सापळा कोळसा काढल्यानंतरचा. कोळसा निघून गेला की मागे पोकळी राहते, तिचे छत ढासळते आणि वरच्या-खालच्या थरांतला वायू त्या ढिगाऱ्यात गोळा होतो. तिथे नळ्या सोडून तो ओढून घ्यायचा. यात हवा मिसळलेली असते. मिश्रण स्फोटाच्या पट्ट्यात येऊ नये म्हणून मिथेनचे प्रमाण बरेच वर ठेवावे लागते, काम जोखमीचे.

तिसरा सापळा सर्वांत कठीण. तो म्हणजे पंख्यातून बाहेर पडणारी हवा. जगातल्या खाणींतून निसटणाऱ्या मिथेनचा निम्म्याहून अधिक हिस्सा याच वाटेने जातो. पण शेकड्यात पाऊण-एक भाग वायू असलेली ही हवा काडी लावली तरी पेटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट क्लिफ खाणीत २००७ मध्ये त्यावर युक्ती योजली गेली. चिनी मातीच्या प्रचंड थरांना हजार अंशांच्या आसपास तापवायचे आणि त्यांतून ही हवा जाऊ द्यायची. ज्योत न उठता मिथेन आतल्या आत जळतो, त्याची उष्णता थर तापलेले ठेवते, आणि उरलेल्या उष्णतेवर वाफ करून वीज काढता येते. त्या कारखान्याने ६ मेगावॅट क्षमतेचे जनित्र चालवले.

दुसऱ्या देशांनी काय केले ते थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियातच ॲपिन आणि टॉवर या खाणींवर १९९६ च्या सुमारास एकेका मेगावॅटची ९४ इंजिने बसली, ती खाणीच्या वायूवर चालली. चीनच्या शान्शी प्रांतात सिहे खाणीवर १२० मेगावॅटचे वीजघर उभे राहिले. या प्रकारातले ते जगातले सर्वांत मोठे म्हणून गाजले. आणि मला सर्वांत आवडली ती पोलंडमधल्या प्न्यूवेक खाणीची योजना. खोल खाणीत उकाडा असह्य होतो. तिथे २००० सालापासून वायूवर इंजिने चालवून वीज काढली, आणि इंजिनांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर शीतयंत्रे चालवून ती थंडाई खाली मजुरांकडे पोचवली. ज्याने उकाड्यात मारावे त्यानेच वारा घालावा, अशी ही सेवा!

मुनीडीहचा उजेड

हे सारे परदेशचे कौतुक झाले. आपल्याकडे?

आपल्या खाणींचे वायूच्या हिशेबाने तीन वर्ग आहेत. एक टन कोळशामागे एक घनमीटरपर्यंत वायू निघतो तो पहिला वर्ग, एक ते दहा घनमीटर निघतो तो दुसरा, आणि त्याहून जास्त निघतो तो तिसरा. झरियाजवळची मुनीडीह खाण तिसऱ्या वर्गातली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने तिथे एक प्रयोग झाला. जमिनीवरून विहिरी घेऊन कोळशातला वायू वर काढण्यात आला, त्यावर प्रत्येकी २५० किलोवॅटची दोन जनित्रे चालवून वीज तिथल्याच वसाहतीला देण्यात आली. आणि खाणीवरचे ५० टनी डंपरदेखील डिझेलबरोबर हा वायू जाळतील असे बदलून पाहण्यात आले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाची ही गोष्ट. मामांच्या नोकरीची अखेरची वर्षे.

"मी मुद्दाम बघायला गेलो होतो," मामा म्हणाले. "संध्याकाळी घरांत दिवे लागले. साधेच दिवे रे, तुझ्या-माझ्या घरातल्यासारखे. पण मी आपला बघतच राहिलो. ज्याला जन्मभर हाकललं, तो लोकांच्या ओसरीवर उजेड देत बसला होता."

हे प्रकरण किती मोठे होऊ शकते याचे एक त्रैराशिक मामांनी मला वहीत मांडून दिले. समजा, एखाद्या खाणीतून रोज हजार टन कोळसा निघतो आणि टनामागे दहा घनमीटर वायू सुटतो. म्हणजे रोज दहा हजार घनमीटर. त्यातला निम्मा धरता आला असे मानू. एका घनमीटर मिथेनपासून इंजिनाला साडेतीन ते चार युनिटे वीज मिळते. पाच हजार घनमीटरांची झाली रोजची साडेसतरा ते वीस हजार युनिटे. रोज पाच युनिटे लागणाऱ्या साडेतीन हजार घरांचे काम भागले. आणि ही खाण तर मध्यमच!

नारळ एकाचा, पाणी दुसऱ्याचे

मग घोडे पेंड कुठे खाते? मी हा प्रश्न विचारला तेव्हा मामांनी चष्मा पुसला. ही त्यांची लांब उत्तराची तयारी.

पहिली अडचण आपण पाहिलीच. माणसाच्या जिवासाठी वायू पातळ करावा लागतो, आणि पातळ केला की तो जळणाच्या कामाचा राहत नाही. कायदा बरोबर आहे. त्याच्यापायी वायू वाया जातो हेही खरे. यावर उपाय एकच. वायू हवेत मिसळण्यापूर्वीच धरायचा, म्हणजे कोळसा काढण्याच्या कितीतरी महिने आधी भोके पाडून वाट पाहायची. पण कोळशाची मागणी आज असते, आणि वाट पाहणे हिशेबाच्या वहीत खर्चाच्या बाजूला पडते.

दुसरी अडचण मालकीची. कोळसा एका मंत्रालयाचा, वायू दुसऱ्याचा. कोळशातल्या मिथेनविषयीचे धोरण १९९७ मध्ये आले ते पेट्रोलियम खात्याकडून. त्यातून जिथे खाण नाही अशा अस्पर्श थरांत विहिरी घेणाऱ्या कंपन्या पुढे आल्या. राणीगंज भागात २००७ पासून असा वायू व्यापारी प्रमाणावर निघू लागला आणि असनसोल-दुर्गापूरकडच्या कारखान्यांना व मोटारींना मिळू लागला. पण ज्याच्या ताब्यात कोळशाची खाण, त्याला आपल्याच कोळशातला वायू काढण्याची वाट मोकळी नव्हती. "भावाभावांच्या वाटण्यांत नारळ एकाला द्यावा आणि आतलं पाणी दुसऱ्याला, तसं झालं," मामा म्हणाले. कोल इंडियाच्या कंपन्यांना आपापल्या क्षेत्रात वेगळा परवाना न घेता हा वायू काढण्याची मुभा २०१८ मध्ये देण्यात आली.

तिसरी अडचण निसर्गाची. सगळ्याच कोळशात वायू सारखा नसतो. आपल्या विदर्भातच पाहा. चंद्रपूर, वणी, उमरेड या भागांतला कोळसा झरियाच्या मानाने कमी पक्व आणि फारसा खोल नाही. त्यात वायू बेताचाच. शिवाय इथल्या पुष्कळशा खाणी उघड्या. आभाळाकडे तोंड असलेल्या खड्ड्यावर झाकण कसे घालणार? तेव्हा नागपुरात बसून आपण चंद्रपूरच्या मिथेनवर चूल पेटवण्याची स्वप्ने पाहू नयेत, हेच बरे.

सोवळ्याचा प्रश्न

आता शेवटचा हिशेब, हवेचा. वातावरणात गेलेला मिथेन सुमारे बारा वर्षे टिकतो. कार्बन डायऑक्साइडच्या मानाने आयुष्य थोडे, पण कर्तबगारी भयंकर. पृथ्वी तापवण्याच्या कामात, शंभर वर्षांचा काळ धरला तर एक टन मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ टनांना भारी पडतो. वीस वर्षांचा धरला तर ८० टनांना. आणि जगातल्या कोळसाखाणींतून दर वर्षी सुमारे चार कोटी टन मिथेन हवेत जातो, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे.

हाच एक टन मिथेन जाळला तर कार्बन डायऑक्साइड होतो पावणेतीन टन. म्हणजे वीज मिळाली नाही, नुसता पेटवून दिला, तरी अपाय दहाव्या हिश्श्यावर येतो. वीज मिळाली तर ती वरकड.

इथवर ऐकून मी उत्साहाने म्हणालो, "म्हणजे मामा, वायू धरला की कोळसा शुद्ध झाला म्हणायचा!"

"तेवढं मात्र लिहू नकोस," मामा म्हणाले. त्यांनी पुन्हा वही ओढली. टनाला दहा घनमीटर वायू, म्हणजे वजनाने सात किलोच्या आत-बाहेर. त्याचा अपाय २८ पटीने धरला तरी १९० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा. आणि तो टनभर कोळसा भट्टीत जाळला की सुमारे दोन टन. "वायू पकडला म्हणून कोळसा सोवळा होत नाही. तो ओवळा तो ओवळाच. पण जोवर खाण चालू आहे, तोवर हा जास्तीचा दहावा हिस्सा उगाच कशाला सोडायचा? आणि खाण बंद झाली तरी वायू थांबत नाही, हेही लिही."

ते खरेच आहे. जर्मनीतली दगडी कोळशाची अखेरची खाण २०१८ मध्ये बंद झाली. पण तिथल्या बंद खाणींच्या पोटातून वायू येतच राहतो, आणि तो ओढून त्यावर जनित्रे चालवली जातात. माणसे वर आली, वेताळ खालीच राहिला. निदान त्याला काम तरी मिळाले.

मला विचाराल तर या साऱ्या आकड्यांत एक गोष्ट सर्वांत वरची. वायू धरण्याचे फायदे मोजताना वीज पहिली मोजतात, हवा दुसरी, आणि मजुराची सुरक्षितता तिसरी. क्रम उलटा हवा. वायू आधी काढून घेतलेल्या थरात जो माणूस उतरतो, त्याच्या घरची बाई पंख्याचा आवाज ऐकत जागी राहत नाही. वीज मिळाली नाही तरी तेवढ्यासाठी भोके पाडावीत, असे माझे मत झाले आहे. आणि सुदैवाने वीज मिळतेच.

पाडव्याच्या संध्याकाळी मामी मामांना ओवाळायला बसल्या. ओवाळून झाले, मामांनी ताटात घालायचे ते घातले. मग मामी ताट घेऊन अंगणात गेल्या आणि पणत्यांच्या ओळीतल्या त्या पितळी दिव्यालाही त्यांनी हळदकुंकू लावले.

"सवतीला हळदकुंकू?" मी विचारले.

"सवत तर सवत," मामी म्हणाल्या. "सदतीस वर्षं यांना घरी पाठवलं तिनं."

मामांनी दिवा उचलला, वात खाली केली आणि सवयीने ज्योतीकडे निरखून पाहिले. ज्योत पिवळी होती. मग त्यांनी फुंकर न घालता वात आणखी खाली उतरवली आणि दिवा विझवला.